फारकतीची नक्कल कशी काढावी : असोदेकर नवशिक्यांसाठी सोपी वाट

मागच्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या डॅलसहून भाचीचा फोन आला. "मामा, आपलं असोदा कोणत्या कौंटीत येतं?"

मी म्हटलं, "बाई, असोदा जळगाव तालुक्यात येतं. कौंटी काय असते ते आधी सांग."

तिकडे म्हणे जिल्ह्यासारख्या तुकड्याला कौंटी म्हणतात. तिथे एक क्लार्क असतो. त्याच्याकडे अर्ज आणि फी पाठवली की फारकतीच्या निकालाची प्रत टपालाने घरी येते. हिचं दुसरं लग्न ठरत होतं आणि तिकडच्या कचेरीने पहिलं मोडल्याचा कागद मागितला होता. पहिलं लग्न इकडचं, मोडलंही इकडेच. तिच्याजवळची प्रत घर बदलताना कुठेतरी राहिली. "मामा, तुम्ही फक्त क्लार्कला भेटा," ती म्हणाली.

त्या 'फक्त'मध्ये माझे सात हेलपाटे, चार झेरॉक्सवाले आणि एक चप्पल गेली. एवढं शिक्षण एकट्याने पचवणं बरं नाही, म्हणून ही मार्गदर्शिका. ज्यांनी आजवर कोर्टाची पायरी चढली नाही अशा शहाण्या माणसांसाठी ती लिहिली आहे. जे चढून आलेत ते आधीच शहाणे झालेत.

साहित्य

आधार कार्डाच्या झेरॉक्स प्रती चार (तीन मागतात, चौथी हरवण्यासाठी). दोन्ही पक्षांची पूर्ण नावं. खटल्याचं साल, निदान अंदाजाने. कोर्ट फीची तिकिटं. स्वतःचं पेन, कारण बाकावर दोऱ्याने बांधलेल्या पेनाचा दोरा तेवढा शाबूत असतो. सुटे पैसे. पाण्याची बाटली. आणि 'साहेब' हा शब्द, चवीनुसार.

पायरी १ : गावाला विचारू नका

नवशिक्याची पहिली चूक हीच. गावात एवढी सगळी माणसं आहेत, कुणाला तरी तारीख आठवत असेल, असं त्याला वाटतं. आठवते. सगळ्यांनाच आठवते, आणि प्रत्येकाला वेगळी.

मी शेजारच्या जिजींना सहज म्हटलं, "भाचीचा निकाल कोणत्या साली लागला हो?" जिजी म्हणाल्या, "मले काय इचारतो रे भाऊ? मी कोनाच्या घरात डोकावत नाही." एवढी प्रस्तावना झाल्यावर त्यांनी पाऊण तास सांगितलं. त्यात सासूचा स्वभाव होता, हळदीच्या दिवशी शिंकलेला माणूस होता, परत आलेल्या भांड्यांची मोजदाद होती, आणि एक पितळी घागर अजून तिकडेच आहे ही बातमीही होती. साल नव्हतं.

गावाचं हे दफ्तर चोवीस तास उघडं असतं. त्याला फी नाही, अर्ज नाही, मधली सुट्टी नाही. त्यात एकच खोट आहे. प्रत्येक वेळी नक्कल मुळापेक्षा मोठी निघते.

पायरी २ : ग्रामपंचायतीत जाऊन खात्री करून या

ही पायरी गाळली तरी चालते, पण कुणी गाळत नाही. आपण जातो आणि म्हणतो, "भाऊसाहेब, फारकतीचा दाखला." भाऊसाहेब आपल्याकडे बघतात. कालपर्यंत ते ग्रामसेवक होते, आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत. पाटी बदलली तरी उत्तर तेच.

त्यांच्याकडे जन्माची नोंद आहे आणि मृत्यूची आहे, १९६९ च्या कायद्याप्रमाणे. लग्नाचीही आहे, महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे. खेड्यात विवाह निबंधकाचं काम त्यांच्याच गळ्यात आहे. फारकतीची नोंदवही मात्र नाही. ती त्यांच्याकडे नाही, तहसीलदाराकडे नाही, जिल्हाधिकाऱ्याकडे नाही. आपल्या राज्यात हिंदूंच्या फारकतीची अशी वहीच नाही. आपण आलो, परणलो, गेलो, एवढंच सरकार वहीत धरतं. मधे मोडलो तर त्याचा कागद एकाच ठिकाणी तयार होतो, ज्या कोर्टाने मोडलं तिथे.

म्हणून 'फारकतीचा दाखला' हे शब्द आजपासून विसरा. आपल्याला हवी आहे हुकूमनाम्याची खरी नक्कल. कचेरीच्या भाषेत प्रमाणित प्रत. हे शब्द उच्चारले की खिडकीपलीकडचा चेहरा एका इंचाने मऊ होतो.

पायरी ३ : मोडलं म्हणजे नेमकं काय मोडलं ते ओळखा

आपल्याकडे या एका गोष्टीला तीन-चार शब्द आहेत आणि प्रत्येकाची नक्कल निराळी.

घटस्फोट हा शब्द सगळ्यांत भारदस्त आणि सगळ्यांत गैरसमजातला. जुन्या धर्मशास्त्रात त्याचा नवराबायकोशी संबंध नव्हता. पतित ठरवलेल्या माणसाला वाळीत टाकायचा तो विधी होता. पाण्याने भरलेला घडा लाथेने उलटवायचा, की तो माणूस नातलगांच्या लेखी मेला. पुढे हा शब्द लग्नाला येऊन चिकटला. काही घरांत त्याचा जुना अर्थच अजून चालू असतो, फक्त बाईपुरता.

काडीमोड म्हणजे काडी मोडून झालेला निकाल. यात काडी होती, पंच होते, गूळ होता. कागद असेलच असं नाही.

फारकत हा शब्द फारसी वळणाचा. मोकळं केल्याची चिठ्ठी. कर्ज फिटलं की देणेकऱ्याला सावकाराकडून मिळायची तीही फारखतच. म्हणजे सगळ्यांत हा एकच शब्द मुळातून कागदाचा आहे, आणि आपल्या लोकांनी तोच उचलला. व्यवहाराला आपण कधी कमी नव्हतो.

आता कायदा. हिंदूंना कोर्टातून फारकत घ्यायची सोय मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने झाली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. दोघांच्या संमतीचं कलम, १३ब, हे १९७६ साली आलं. ज्या समाजात रूढीने फारकत चालत आली आहे, तिथली रूढी कलम २९ ने शाबूत ठेवली. पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. सुप्रीम कोर्टाने २००२ साली हे स्पष्ट सांगितलं. अनुसूचित जमातींना तर हा कायदा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा किंवा भिल्ल पाहुण्याला आपला हा अर्ज शिकवायला जाऊ नका. त्यांचं पंचांपुढे मिटतं. मुसलमान शेजाऱ्यांचा कायदाही वेगळा. तलाकनामा, खुला आणि १९३९ च्या कायद्याखालचा कोर्टाचा निकाल, असे तिकडे वेगवेगळे कागद असतात.

आणि आता तो कागद, जो घरोघरी ट्रंकेच्या तळाशी सापडतो. शंभराचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, चार साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही.' दिसायला हुकूमनाम्यापेक्षा देखणा. तो नवशिक्याने कोर्टाच्या खिडकीत नेऊन 'याची नक्कल द्या' म्हणू नये. सिद्ध होणारी रूढी मागे नसेल तर त्या कागदाने लग्न मोडत नाही, स्टॅम्प पेपर तेवढा खर्ची पडतो. लग्न लावण्याचे किंवा मोडण्याचे दस्त करणं हे नोटरीचं कामच नव्हे, असं केंद्राच्या विधी विभागाने २०२४ साली लेखी कळवलं. समाजाच्या पंचायतीत बसून समजुतीने मिटवणं वेगळं. लेवा मंडळींत भोरगाव पंचायतीचं नाव कुणाला ठाऊक नाही? बैठकीत मनं मोकळी होतात, भांडी परत येतात, हे खरं. पण पासबुकापासून परदेशापर्यंत चालायचा तो कागद कोर्टाचाच.

पायरी ४ : कोर्ट कोणतं ते शोधा

असोद्याची मुलगी म्हणजे कोर्ट जळगावचं, असा हिशोब करू नका. लग्न जिथे लागलं, दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले, समोरचा पक्ष जिथे राहतो, यांपैकी कुठेही दावा दाखल होऊ शकतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथेही, म्हणजे माहेरी आली असेल तर माहेरच्या कोर्टात. आपली निम्मी पोरं सुरतेला, नाशकाला आणि पुण्याला. त्यामुळे एका असोद्याच्या लग्नाचा शेवट गुजरातच्या कोर्टातही सापडू शकतो.

कागद जळगावचाच निघाला तर नशीब समजा. असोद्याहून निघालं की कोर्ट चौक काही फार लांब नाही. आता तिथे कौटुंबिक न्यायालय आहे. ते येण्याआधीची प्रकरणं दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालत. म्हणून आधी साल, मग दार. आणि आजी-आजोबांच्या पिढीतला, १९५५ ते १९६० मधला कागद हातात पडला आणि त्यावर 'पूर्व खानदेश' दिसलं, तर घाबरू नका. १९०६ साली खानदेशचे दोन तुकडे झाले, त्यातला पूर्वेकडचा म्हणजे आपणच.

पायरी ५ : नंबर मिळवा

कोर्टात माणसाला नाव नसतं, नंबर असतो. तो मिळाला की निम्मं काम झालं. ई-कोर्टच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची कुंडली समोर येते. तो नसेल तर पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधा. फार जुनी प्रकरणं तिथे नसतील, ती मोठ्या जाड वहीत बोट फिरवून सापडतात.

नावाने शोधणं ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे 'पाटील' टाका आणि शांत बसा. पाटील विरुद्ध पाटील, पाटील विरुद्ध पाटील, पाटील विरुद्ध पाटील. पुढे चौधरी विरुद्ध चौधरी. मग महाजन. लग्नात आडनाव बदलल्यामुळे भांडण कुणाचं कुणाशी हे यंत्रालाही कळत नाही. त्यात गावाचं नाव कुणी 'असोदा' लिहितो, कुणी 'आसोदा'. इंग्रजीत तर एका चौधरीची चार स्पेलिंगं. सगळी टाकून पाहा.

नंबराच्या आधीचं अक्षरही वाचा. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत फारकतीची याचिका 'ए' खाली असते आणि दोघांच्या संमतीची 'एफ' खाली. म्हणजे भांडून मोडलं की बोलून मोडलं, हे पहिल्या अक्षरातच कळतं. जिजींना त्यासाठी पाऊण तास लागला होता.

पायरी ६ : अर्ज करा

नकलेचा अर्ज साधा असतो. कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, काय पाहिजे आणि कशासाठी. 'काय पाहिजे' इथे दोन गोष्टी लिहा : न्यायनिर्णय आणि हुकूमनामा. न्यायनिर्णयात कोर्टाने काय विचार केला ते असतं, हुकूमनाम्यात काय ठरवलं ते. नवशिका एकच मागतो आणि पुढची कचेरी बरोबर दुसरा मागते.

अर्ज कुणी करायचा? ज्याचं लग्न त्याने, किंवा त्याच्या वकिलाने, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने. माझ्यासारखा मामा कोर्टाच्या लेखी तिऱ्हाईत. लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, हे कारण तिथे चालत नाही. भाचीने अधिकारपत्र पाठवलं तेव्हा कुठे मला माझ्याच भाचीचा मामा होता आलं.

ही कडक शिस्त उगाच नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की ही प्रकरणं बंद दाराआड चालवायची आणि त्यातला मजकूर छापायचा नाही. छापला तर हजार रुपयांपर्यंत दंड. बोलण्यावर दंड नाही. असता तर आमच्या गल्लीच्या दंडातून गावाचे रस्ते झाले असते.

काही हुशार मंडळी म्हणतील, "माहिती अधिकारात टाका, आपोआप देतील." नाही देणार. कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकारात नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगून ठेवलं आहे.

आणि आता या मार्गदर्शिकेतलं सगळ्यांत मोलाचं वाक्य. ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठळक सांगतो. फारकतीचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत कोर्टाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. कलम २३, पोटकलम ४. म्हणजे बाईच्या नावाची एक प्रत मुळात फुकट निघालेलीच असते. मग ती जाते कुठे? वकिलाच्या फाइलीत, वडिलांच्या कपाटात, भावाच्या दुकानाच्या गल्ल्याखाली. जिचा कागद तिच्याच हाती तो शेवटी पोहोचतो. म्हणून अर्ज करण्याआधी घरातली कपाटं उघडा. आमच्या भाचीचा पहिला कागदही दोन वर्षं तिच्या भावाकडे 'सांभाळून' होता. तिने तिकडे नेला आणि हरवला, तेव्हा सगळे म्हणाले, "बघ, आम्हीच ठेवला असता तर!"

पायरी ७ : थांबा

या पायरीला कौशल्य लागत नाही, म्हणून ती सगळ्यांत अवघड. अर्ज दिला, तिकिटं लावली, पोच घेतली. आता अभिलेख कक्षातून फाइल येईल, नक्कल विभागात प्रत तयार होईल, ताडून पाहिली जाईल, शिक्का पडेल. विचारायला गेलो की उत्तर मिळतं, "पुढच्या आठवड्यात बघा." हा आठवडा कॅलेंडरातला नसतो. घरून भरीत-भाकरी बांधून न्या. कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली बसून खाल्लेल्या भरताची चव निराळी लागते, आणि शेजारी बसलेला माणूस तुमच्यापेक्षा जुन्या कामासाठी आलेला असतो, हे कळल्यावर घास आणखी सुखाने उतरतो.

पायरी ८ : कागद उलटा करून बघा

नक्कल हातात पडली की नवशिका पुढची बाजू वाचतो आणि रडतो किंवा हसतो. जाणता मागची बाजू बघतो. मागे तीन तारखा असतात : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपील करायचं असेल तर नकलेसाठी गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून या तारखांना सोन्याचं मोल. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे. भांडून मिळालेल्या फारकतीनंतर ती टळेपर्यंत, किंवा अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसऱ्या लग्नाचा हॉल धरू नका.

आणि हो, हा कागद लॅमिनेट करू नका. आपल्याकडे प्रेमाचं प्रमाण म्हणजे लॅमिनेशन. पण एकदा प्लॅस्टिक चढलं की पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही. आणि परदेशी जायचं असेल तर शिक्का लागतोच. त्याला एपोस्टिल म्हणतात. भारत त्या करारात २००५ साली आला. आधी राज्याच्या कचेरीची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. निकाल मराठीत असेल तर त्याआधी इंग्रजी भाषांतर. भांडण झालं खानदेशी बोलीत, निकाल कोर्टाच्या मराठीत, वाचणार डॅलसचा क्लार्क. तिथवर पोहोचताना भांडणातलं सगळं तिखट निघून गेलेलं असतं. बरंच आहे.

नवशिक्यांच्या शंका

*पासपोर्टला हा कागद लागतो का?* २०१६ च्या नियमांनंतर सहसा नाही. नवऱ्याचं नाव घालायची सक्तीही गेली. आधी कशाला हवाय ते विचारा, मग रांगेत उभे राहा.

*मुलीला स्थळ आलंय, मुलाचं पहिलं मोडलंय म्हणतात. त्याची नक्कल आम्हाला काढता येईल का?* या मार्गदर्शिकेचे खरे वाचक तुम्हीच, हे मला माहीत आहे. तुम्ही तिऱ्हाईत. तुमची वाट लांबची, कारणं दाखवण्याची आणि परवानगीची. त्यापेक्षा चहा ठेवा आणि मुलालाच मागा. त्याला एक प्रत फुकट मिळालेली असते. "वकिलाकडे आहे" असं तीनदा म्हणाला, तर चहा गाळायच्या आत विचार करा.

*नकलेत कुणाची चूक होती ते लिहिलेलं असतं का?* संमतीची असेल तर नाही. एवढंच असतं की अमुक तारखेला लागलेलं लग्न आजपासून संपुष्टात आलं. गावाला जे सांगायला पाऊण तास लागतो, ते कोर्ट एका वाक्यात संपवतं आणि पितळी घागरीचं नावही घेत नाही.

समारोप

असोद्याच्या माणसाला नकलेचं महत्त्व खरं तर सांगावं लागू नये. आपल्या गावात १८८० साली जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या, आणि घरच्यांनी ते वहीत उतरवून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या. ती वही त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. उतरवून घेणारा हात नसता तर सगळं चुलीच्या धुरात गेलं असतं. बाईचं बोलणं ऐकणारे पुष्कळ असतात, जसंच्या तसं उतरवून तिच्या नावावर ठेवणारा एखादाच.

मी नक्कल घेऊन गावात आलो तेव्हा जिजी ओट्यावरच होत्या. "आनला का रे कागद? काय लिवलंय त्यात?" मी कलम २२ आठवलं आणि पुढची बाजू छातीशी धरून त्यांना फक्त मागची दाखवली. जिजींना अक्षर येत नाही, आकडे येतात. त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवून तारखा मोजल्या. एक, दोन, तीन. मग माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि काही न बोलता उठल्या.

दिवेलागणीपर्यंत असोद्यात सगळ्यांना कळलं होतं, की भाचीची फारकत तीनदा झाली.